घराचा पाया पाहतांना

दोन वर्षांपूर्वींच्या फाल्गुनांतली गोष्ट. माझे मेहुणे नाना एका संध्याकाळीं घाईघाईनें आमच्याकडे आले आणि चहाचा पेला हातांत घेण्यापूर्वींच म्हणाले, "भाऊजी, उद्यां सकाळीं एक तास काढा. घर पसंत पडलें आहे. आठ दिवसांत विसार द्यावयाचा आहे. तुम्ही पाया तेवढा पाहून सांगा, म्हणजे झालें." पुण्यालगतच्या एका जुन्या वसाहतींत, ओढ्यापासून शंभर पावलांवर, चाळीस वर्षांपूर्वीं बांधलेलें तें दुमजली विटांचें घर होतें. नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेली सगळी रक्कम नाना त्यांत घालणार होते, वर थोडें कर्जही काढणार होते. माझ्या सासूबाईंना तळमजल्यावरची खोली मिळणार होती, अंगणांत तुळशीवृंदावन होतें, बाजार जवळ होता. सारें जमून आलें होतें. राहिला होता तो फक्त पाया.

"पाया तेवढा पाहून सांगा" हे शब्द इमारतींच्या तपासणीच्या धंद्यांत मीं इतक्या वेळां ऐकले आहेत कीं आतां त्यांचें हंसूं येत नाहीं. पाया पाहतां येत नाहीं. ज्या दिवशीं चर भरले त्या दिवशींच तो दृष्टीआड झाला. वैद्य जसा नाडीवरून, जिभेवरून, डोळ्यांच्या रंगावरून पोटांतल्या विकाराचा अंदाज बांधतो, तसा तपासनीस भिंती, दारें, फरशी आणि अंगणांतलें पाणी यांवरून जमिनीखालचा अंदाज बांधतो. शिवाय वैद्याशीं रोगी बोलतो तरी. घराला बोलावयास एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागतो, आणि तेवढा धीर घेणाऱ्याजवळही नसतो व विकणाऱ्याजवळही नसतो.

इंग्लंड-अमेरिकेंत घर घेण्यापूर्वीं स्वतंत्र तपासनीस बोलावण्याची रीत रुळलेली आहे. इंग्लंडांत १९७६ सालीं कडक अवर्षण पडलें. लंडनच्या आसपासची चिकणमाती सुकून आटली, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या हजारों घरांच्या भिंती तडकल्या. तेव्हांपासून तेथला विमेवाला आणि कर्ज देणारा असे दोघेही भिंतीवरच्या भेगेकडे संशयानें पाहूं लागले. आपल्याकडे बँकेचा माणूस घर पाहावयास येतो खरा, पण तो किंमत ठरवावयास येतो. वकील कागद पाहतो. पायाची चौकशी करावयाची तर ती ज्याची त्यानें, आपला अभियंता गांठून, करावी लागते. म्हणून अशी तपासणी करणारा मनुष्य नेमकें काय पाहतो हें गृहस्थाश्रमी माणसाला ठाऊक असलेलें बरें.

तो प्रथम घर पाहत नाहीं, जमीन पाहतो. हें घर कशावर उभें आहे? खडकावर असेल तर चिंता थोडी. मुरुमावर असेल तरी उत्तम. मुरूम म्हणजे खडकाचाच अर्धवट कुजलेला भाऊ, तो ओझें घेतो आणि पावसाळ्यांत फारसा बदलत नाहीं. भरावावर असेल तर तो कितीं वर्षांपूर्वींचा, कशाचा आणि कसा दाबलेला, हें विचारावें लागतें. जुनी विहीर बुजवून किंवा नाला वळवून केलेल्या जागा शहरांत पुष्कळ असतात, आणि कागदावर त्यांचा मागमूसही नसतो. त्यासाठीं शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशीं अर्धा तास बोलणें हें कोणत्याही यंत्राहून उपयोगी पडतें.

पण आपल्या दख्खनच्या पठारावर खरें दुखणें आहे तें काळ्या मातीचें. ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेला आपला काळा कातळ युगानुयुगें कुजून ही माती झाली. कापसाला ती सोन्यासारखी आणि घराला शत्रूसारखी. तिच्यांत मॉंटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अति पातळ पदर. पाणी मिळालें कीं तें ह्या पदरांच्या मध्यें शिरतें आणि माती फुगते. ऊन लागलें कीं पाणी निघून जातें आणि माती आकसते. वैशाखांत वऱ्हाडांतल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहिल्या असतील. तीच माती घराखालीं असली म्हणजे काय होतें? घराच्या मधोमध सांवली असते, फरशीची झांकण असते, तेथली ओल फारशी हलत नाहीं. कडेची माती मात्र उन्हाळ्यांत सुकते आणि पावसाळ्यांत भिजते. म्हणजे घराचा मध्य स्थिर, आणि कडा दरवर्षीं खालीं-वर. विटेची भिंत भार सहन करते, पण अशी वांकवणूक तिला सोसत नाहीं. ती तडकते.

याचा पहिला धडा मला लहानपणींच मिळाला. वडील अकोल्याला नोकरीस होते. आम्हीं घेतलेल्या घराच्या न्हाणीचें पाणी वडिलांनीं मोठ्या हौसेनें भिंतीलगतच्या अळवाला आणि दोन केळींना सोडलें होतें. केळीं अशीं माजलीं कीं येणारा-जाणारा कौतुक करी. तीन वर्षांत न्हाणीकडची भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी फाटली. गवंडी आला, त्यानें भेग सिमेंटनें भरली. पुढल्या वर्षीं ती तेथेंच उघडली. असें तीनदां झालें. शेवटीं रेल्वेंतले एक जुने ओव्हरसियर सहज घरीं आले होते, त्यांनीं भिंतीकडे न पाहतां केळींकडे पाहिलें आणि म्हणाले, "अहो, तुम्ही घराच्या एका पायाला बारा महिने पाणी पाजतां आहां आणि बाकीचे तीन उपाशी ठेवतां आहां." मोरीचें पाणी दूर नेलें, केळीं गेलीं. आईला फार वाईट वाटलें. पण त्यानंतर भरलेली भेग पुन्हां उघडली नाहीं.

म्हणून तपासनीस अंगणांत हिंडतो तेव्हां तो पाण्याचा माग काढीत असतो. गच्चीवरच्या पावसाचें पाणी कोठें पडतें? नळी जोत्यापाशींच सोडली आहे कीं गटारापर्यंत नेली आहे? भिंतीभोंवतालच्या जमिनीचा उतार घराबाहेर आहे कीं घराकडे? मैलापाण्याची टांकी आणि शोषखड्डा भिंतीपासून किती दूर? एखाद्या कोपऱ्यांतलें गवत उन्हाळ्यांतही हिरवेंगार कां? जोत्यावर ओल किती चढली आहे? जमिनींतून वर चढणारी ओल बहुधा हात-दीड हातावर, फार तर मीटरभर उंचीवर थांबते आणि पांढरा लोणा मागें ठेवते. त्याहून वर ओल असेल तर ती पायाची नव्हे, नळाची किंवा गच्चीची असावी. झाडें कोणतीं व किती जवळ? चिकण जमिनींत मोठें झाड भिंतीखालची ओल ओढून घेतें. साधारण नेम असा कीं झाड पूर्ण वाढल्यावर जेवढें उंच होईल तेवढें तरी तें घरापासून दूर असावें. पण तपासनिसानें झाडाकडे बोट दाखवतांच कुऱ्हाड घेऊन धांवूं नये. जुनें झाड एकाएकीं तोडलें तर त्यानें वर्षानुवर्षें सुकवून ठेवलेली माती पुन्हां पाणी पिऊन फुगते, आणि जें घर खचत होतें तें उचललें जाऊं लागतें. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणजे घुशी. जोत्यालगत ताजी उकरलेली माती दिसली तर बीळ कोठवर गेलें आहे तें पाहावें. बिळांतून पावसाचें पाणी सरळ पायाखालीं जातें, आणि बारीक माती वाहून नेतें.

पाण्यानें काय होतें याची एक आठवण पुण्याच्या जुन्या माणसांना आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचें गेलें, आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. मातीच्या भिंतींचीं शेंकडों घरें बसलीं. घडीव दगडांचीं जोतीं मात्र पुष्कळ ठिकाणीं जागच्या जागीं राहिलीं. शनिवारवाड्याचेंही तसेंच, १८२८ च्या आगींत वरचे मजले जळून गेले, जोतीं आजही पाहावयास मिळतात. आपल्या जुन्या कारागिरांना जोत्याचें महत्त्व कळत होतें. आमच्या काळांतल्या कांहीं कंत्राटदारांविषयीं मी तितक्या खात्रीनें बोलणार नाहीं.

आतां भेगा. नानांच्या घरीं मी गेलों तो तें नुकतेंच रंगविलेलें होतें, आणि नाना त्यावरच खूष होते. मला मात्र ताज्या रंगानें थोडें सावध केलें. अशा वेळीं रंगारी जेथें जात नाहीं तेथें तपासनीस जातो; जिन्याखालची अडगळ, माळा, भिंतींतल्या कपाटाची मागची बाजू, पाण्याच्या टांकीमागचा कोनाडा. मीं विजेरी घेऊन जिन्याखालीं डोकें घातलें, आणि तेथें ती सांपडली. ओढ्याकडच्या कोपऱ्यांतली एक भेग, विटांच्या सांध्यासांध्यांनीं पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेली, खालीं बारीक आणि वर जाईल तसतशी रुंद. बाहेरच्या अंगाला, नव्या रंगाखालीं, त्याच जागीं लुकण भरल्याची एक अस्पष्ट फुगीर रेघ होती.

प्रत्येक भेग पायाची नसते, हें मी मुद्दाम सांगतों, कारण अर्धवट ज्ञानानें माणसें चांगलीं घरेंही सोडून देतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडतात, त्या नुसत्या गिलावा वाळण्याच्या. वरच्या मजल्यावर, छताच्या जरा खालीं आडवी धांवणारी भेग बहुधा उन्हाची असते; गच्चीची लादी दिवसा तापून पसरते, रात्रीं आकसते, आणि खालची वीट तिच्याबरोबर हालत नाहीं. काँक्रीटच्या खांबाला आणि विटेच्या भिंतीला जेथें जोड आहे तेथें उभी रेघ येतेच. दोन जातींचे पदार्थ, दोहोंचें आकसणें निरनिराळें. मूळ घराला मागाहून खोली जोडली असेल तर त्या सांध्यावर उभी भेग येते, कारण जुना पाया आपलें बसणें केव्हांच संपवून मोकळा झालेला असतो आणि नवा आतां बसूं लागलेला असतो.

पायाची भेग तिरपी असते, दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून निघते, भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसते आणि पुष्कळदां खालीं जोत्यापर्यंत उतरते. घराच्या कडा खचत असतील तर ती वर रुंद असते. मध्य खचत असेल तर खालीं रुंद असते. तिचें वयही ओळखतां येतें. आंत धूळ, जळमटें, जुन्या रंगाचे थेंब असतील तर ती निदान मागच्या रंगाइतकी जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. रुंदीवरूनही एक अंदाज बांधतात. इंग्लंडांतल्या इमारत-संशोधन संस्थेनें ठरविलेली मोजपट्टी सोपी आहे: दशांश मिलिमीटरपर्यंतची रेघ नगण्य, एक मिलिमीटरपर्यंत रंग लावतांना बुजवावी, पांचपर्यंत किरकोळ, पण दारें अडकूं लागतात, पांच ते पंधरा म्हणजे मध्यम, तेथें विटा काढून पुन्हां बांधाव्या लागतात, पंधरा ते पंचवीस गंभीर, त्यापुढें घराच्या स्थैर्याचाच प्रश्न. नानांच्या भेगेची वरची रुंदी मीं मोजली. ती चार मिलिमीटर भरली.

भेग लपवितां येते, पण दारें लपवितां येत नाहींत. पाया हलला कीं चौकट गुण्यांतून जाते, आणि दार एका कोपऱ्यांत घासूं लागतें. घरमालक सुताराला बोलावतो आणि तो रंधा मारतो. म्हणून तपासनीस प्रत्येक दार उघडतो, मिटतो, आणि वरची कड हातानें चांचपतो. पांचरीसारखी तिरपी तासलेली कड सर्व कथा सांगते. खिडकीच्या गजांवरून, कडी-कोयंड्याच्या नव्या छिद्रांवरूनही तेंच कळतें. मग फरशी. लहान मुलांची गोटी हें ह्या कामीं वाईट साधन नव्हे, परंतु फरशी मुळांतच मोरीकडे उतरती घातलेली असूं शकते. गवंड्याची पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी घेऊन जोत्याच्या एकाच दगडी थराची उंची चारी कोपऱ्यांत मोजावी. जो थर बांधतांना सपाट होता तो आतां किती कलला तें मिलिमीटरांत कळतें. स्केंप्टन आणि मॅक्डोनल्ड ह्या दोघां अभियंत्यांनीं १९५६ सालीं पुष्कळ इमारतींचीं मापें तपासून असें दाखविलें कीं लांबीच्या सुमारें तीनशेंव्या भागाएवढा फरक पडला म्हणजे भिंती तडकूं लागतात, आणि दीडशेंव्या भागाशीं सांगाड्यालाच इजा होते. म्हणजे तीन मीटरच्या खोलींत एक सेंटिमीटर. सगळें घर सारखें बसलें तर घराला फारसें कांहीं होत नाहीं. एक कोपरा दुसऱ्याला सोडून खालीं गेला कीं मोडतोड होते.

नानांच्या घरीं जोत्याचा थर ओढ्याकडच्या कोपऱ्यांत अठरा मिलिमीटर खालीं होता. "म्हणजे घेऊं नये?" नानांनीं विचारलें. मीं म्हटलें, "तें आज सांगतां येत नाहीं." ते चिडले, आणि त्यांचें चिडणें रास्त होतें. दलाल रोज सांगत होता कीं दुसरें गिऱ्हाईक पैसे घेऊन उभें आहे.

पण मी तरी काय करणार? चार मिलिमीटरची भेग दोन प्रकारची असूं शकते. एखादें घर बांधल्यावर पहिल्या पांच-दहा वर्षांत बसलें, तडकलें, आणि मग तीस वर्षें स्वस्थ राहिलें, अशी ती जुन्या जखमेची खूण असेल. किंवा ती दरवर्षीं थोडी थोडी वाढत चाललेली असेल. दोन्ही भेगा एका सकाळीं पाहिल्या तर सारख्याच दिसतात. पिसाच्या मनोऱ्याची हकीगत आपण ऐकली असेल. ११७३ सालीं त्याचें काम निघालें; पांच वर्षांनीं, तिसऱ्या मजल्याशीं, तो कलूं लागला, आणि मग काम जवळजवळ शंभर वर्षें बंद पडलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत खालची चिकणमाती दबून घट्ट झाली, म्हणूनच पुढले मजले तिला पेलले. आठशें वर्षें कललेला असा हा मनोरा १९९० सालीं लोकांना बंद करण्यांत आला, तो कललेला आहे म्हणून नव्हे, तर तो अजून कलतच आहे असें मापांवरून दिसत होतें म्हणून. शेवटीं उंच बाजूखालची माती थोडथोडी काढून त्याला सुमारें अर्धा अंश मागें आणलें आणि २००१ च्या डिसेंबरांत तो पुन्हां उघडला. तो अजूनही कललेलाच आहे. कोणी त्याची भीति बाळगीत नाहीं.

तेव्हां प्रश्न भेग आहे कीं नाहीं हा नसून ती हलते आहे कीं नाहीं हा आहे. तें पाहण्याची युक्ति जुनी आणि स्वस्त आहे. भेगेच्या दोन्ही अंगांना बारीक कांचेची पट्टी चुन्याच्या किंवा सिमेंटच्या ठिपक्यानें चिकटवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. भिंत हलली तर कांच फुटते. याहून चांगलें म्हणजे भेगेच्या दोहों बाजूंस दोन खिळे ठोकून त्यांतलें अंतर दर महिन्यास मोजणें. भेगेच्या टोकाशीं पेन्सिलीनें आडवी रेघ काढून तारीख टाकावी. पुढें ती रेघ ओलांडून भेग गेली तर कळतें. एक वर्ष मोजावें, निदान कडक उन्हाळा आणि पुरा पावसाळा मोजावा. उन्हाळ्यांत उघडणारी आणि भाद्रपदांत मिटणारी भेग काळ्या मातीची. ऋतूची पर्वा न करतां रुंदावत जाणारी भेग फार वाईट.

याच्या जोडीला खड्डा घेणें जरूर असतें, आणि विकणारा याला सर्वांत जास्त विरोध करतो. भिंतीलगत मीटरभर लांबी-रुंदीचा खड्डा पायाच्या तळापर्यंत घ्यावा, त्याच्याखालीं मुळींच नाहीं, आणि दोन खड्डे एका वेळीं एकमेकांशेजारीं उघडूं नयेत. पाया किती खोल आहे, दगड चुन्यांत बसविला आहे कीं मातींत, तळाशीं काँक्रीटचा थर आहे कीं नाहीं, आणि मुख्य म्हणजे तळाखालीं काय आहे, हें तेवढ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें. पाहून झाल्यावर थर देऊन, दाबून, तो बुजवावा. खोदलेली माती सैल टाकून दिली तर आपणच पाणी मुरावयास जागा करून दिल्यासारखें होतें.

येथें मुंबईचे श्रोते म्हणतील कीं आम्हीं पांचव्या मजल्यावरची खोली घेणार, आम्हांला कोण खड्डा घेऊं देतो? त्यांची गोष्ट वेगळी आहे खरी. मुंबईचा मोठा भाग खाडीच्या चिखलावर आणि भरावावर वसलेला आहे. तेथें उंच इमारती जमिनींत खोल उतरविलेल्या खांबांवर उभ्या असतात. अशा इमारतीभोंवतालचें अंगण खचलेलें आणि जोत्याखालीं फट पडलेली दिसली तर घाबरूं नये. भराव बसतो आहे, इमारत आपल्या खांबांवर आहे तेथेंच आहे. पण त्या खचण्यानें गटारें आणि नळ तुटतात, त्यांची चौकशी करावी. घेणाऱ्यानें लिफ्टनें वर जाण्यापूर्वीं तळघर आणि मोटारींची जागा पाहावी. तेथल्या खांबांच्या बुडाशीं तांबड्या गंजाचे डाग, उभ्या भेगा, सुटलेले पापुद्रे आहेत काय? हातोडीनें हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो कीं भद्द? लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी साचतें काय? महाराष्ट्रांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पांच वर्षांतून एकदां आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदां तपासणी व्हावयास पाहिजे; मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांतही तीस वर्षांवरच्या इमारतींसाठीं ३५३-ब हें कलम आहे. तेव्हां तो अहवाल मागावा. "अहवाल आहे, पण आतां सांपडत नाहीं" हें उत्तर मीं पुष्कळ ऐकलें आहे, आणि तें उत्तरही एक प्रकारचा अहवालच असतो.

शेजारीं खोल तळघराचें खोदकाम चालू असेल तर तें अवश्य पाहावें. १८८२ च्या ईझमेंट्स अॅक्टांत शेजाऱ्याच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे, पण हक्क कोर्टांत चालतो आणि माती त्याआधीं सरकते. अशा जागीं खोदकाम सुरू होण्यापूर्वींच आपल्या भिंतींचीं तारखेसह छायाचित्रें काढून ठेवणें शहाणपणाचें.

नानांनीं शेवटीं ऐकलें तें माझें नव्हे, सासूबाईंचें. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं भाड्याच्या घरांत काढलीं, आणखी सहा महिन्यांनं काय होतंय?" दलालाचें दुसरें गिऱ्हाईक वैशाख संपेपर्यंत आलें नाहीं, आणि मग विकणारे गृहस्थही नरमले. त्यांनीं दोन खड्डे घेऊं दिले. तीन कोपऱ्यांखालीं मुरूम होता असें म्हणावयास हरकत नव्हती. मागच्या बाजूचा खड्डा तसें स्पष्ट सांगत होता. ओढ्याकडच्या कोपऱ्यांत मात्र पाया तेवढाच खोल, सुमारें नव्वद सेंटिमीटर, आणि त्याखालीं निव्वळ काळी माती. मुरुमाचा थर ओढ्याकडे उतरत गेला होता, आणि बांधणाऱ्यानें चर सगळीकडे सारखाच खोदला होता. एकाच घराचे पाय दोन जातींच्या जमिनींवर होते. शिवाय त्याच कोपऱ्यांत गच्चीची नळी तुटलेली होती.

खिळ्यांमधलें अंतर आम्हीं दर महिन्यास मोजलें. भेग वैशाखअखेर पांच मिलिमीटर झाली, आणि नळी दुरुस्त करून पाणी दूर नेल्यावरही भाद्रपदांत साडेतीनवर आली. वाढत जाणारी नव्हे, श्वास घेणारी. वरच्या मजल्यावर छताखालीं लावलेली कांचेची पट्टी मात्र आठ दिवसांतच फुटली होती. ती उन्हाची, तिची कोणी पर्वा केली नाहीं.

अशा कोपऱ्याला इलाज आहे. नवें घर असतें तर रूडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनें काळ्या मातीसाठीं पुढें आणलेले, तळाशीं कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब घालतां आले असते. ते बहुधा साडेतीन मीटर खोल नेतात, म्हणजे जेथें ऋतूची ओल-सुक पोंचत नाहीं तेथवर. उभ्या घराखालीं तें अवघड. तेथें मीटर-सव्वा मीटरचे तुकडे पाडून, एक सोडून एक, जुन्या पायाखालीं मुरुमापर्यंत खोदून काँक्रीट भरत न्यावें लागतें. एक तुकडा घट्ट झाल्यावांचून शेजारचा उघडावयाचा नाहीं. घाईच्या माणसाचें हें काम नव्हे. त्याचा खर्च मीं कागदावर काढून दिला, तेवढी रक्कम किंमतींतून कमी झाली, आणि कार्तिकांत व्यवहार पुरा झाला. कोपऱ्याचें काम माघांत संपलें.

जिन्याखालची ती भेग आतां भरलेली आहे. तिच्या शेजारीं भिंतीवर माझ्या पेन्सिलीच्या रेघा आणि फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंतच्या तारखा होत्या. गृहप्रवेशापूर्वीं रंगारी तेथें ब्रश घेऊन गेला तेव्हां सासूबाईंनीं त्याला थांबविलें. "तेवढी जागा राहूं दे," म्हणाल्या. त्या आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेस नातवाला विजेरी धरावयास लावून स्वतः मोजपट्टी लावतात, आणि मला टेलिफोनवर आंकडा कळवितात. परवां सांगितला तो गेल्या वेळचाच होता.